चपलांपाशी सात रविवार

आनंदाबुवांच्या कीर्तनात मी एकोणीस वर्षं मागे उभी आहे. हातात झांज, आणि ध्रुपद माझ्याकडे. बुवा कथा लावतात, कथा चढणीला आली की मी मागून सूर उचलते, तेवढ्यात बुवा श्वास घेतात. ख्रिस्ती लोकांत कीर्तन असतं म्हटलं की कारखान्यातल्या बायका माझ्याकडे बघत राहतात. मी सांगते, अगं, तेच उपरणं, तीच पेटी, तोच तबला. कथा तेवढी आमच्या शास्त्रातली. खोटं कशाला बोलू, उपदेश मला नुसता बोललेला पचत नाही. गाऊन सांगितला की हाडापर्यंत जातो.

बुवा बदलापूरला मांजर्लीत राहतात, शाळामास्तर होते. वय सत्तरीला आलं, पण आवाज अजून घागरीसारखा. त्यांची सगळ्यात गाजलेली कथा म्हणजे अरण्यप्रवास. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानात फिरले, ती. दरवर्षी जुलैत आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्याच्या हॉलमध्ये तीन संध्याकाळी ती लागते. पहिल्या दिवशी समुद्र दुभंगतो, दुसऱ्या दिवशी आभाळातून मान्ना, देवाने धाडलेलं अन्न, पडतो, तिसऱ्या दिवशी लोकांची कुरकुर आणि तिची शिक्षा. रानात देव ढगाच्या रूपाने लोकांच्या पुढे चालायचा, त्यावरून ध्रुपद बुवांनीच केलेलं:

पुढे ढग चाले, मागे राही पाणी
चाल माझ्या जिवा, चाल रानोरानी

हे म्हणताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आता बुवांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच झालं. कीर्तनाच्या मध्यावर बुवा एक ताजा दृष्टांत देतात. पोथीतला नाही, आपल्या वस्तीतला. नाव घेत नाहीत, पण गोष्ट खरी असते, म्हणून लोक कान टवकारतात. आणि तो दृष्टांत बहुतेक वेळा मी पुरवलेला असतो. उपरणं खांद्यावर टाकता टाकता बुवा विचारतात, "तुळशे, काही ताजं आहे का?" मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. तीस बायका, तीस कात्र्या, दिवसभर तोंडं चालू. ताज्याला काय तोटा?

तिथेच माझ्या शेजारच्या स्टुलावर यशोधरा बसायची. विठ्ठलवाडीच्या चाळीतली, बौद्ध घरातली मुलगी. आमच्या मंडळीतल्या सुजित थोरातशी तिने लग्न केलं, आणि लग्नाआधी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला, मांजर्लीला नदीवर. आठ वर्षं झाली. सासर चार नंबर कॅम्पातच. सासू बनूबाईने तिला एक दिवस सुखाने खाऊ दिलं नाही. "आमच्यात असं नसतं गं," हे बनूबाईचं पालुपद. कांदा चिरण्यापासून प्रार्थना करण्यापर्यंत, आमच्यात असं नसतं. यशोधरा हसून म्हणायची, "मावशी, माझ्या सासूचं शास्त्र एका ओळीचं आहे."

जूनमध्ये तिचे वडील गेले, धोंडिबा. गिरणीतून सुटल्यावर वॉचमनकी करणारा साधा माणूस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती चाळीत गेली. दुसऱ्या दिवशी धागे कापताना मला सांगू लागली.

"पांढरी साडी नेसले मावशी. आई म्हणाली, बापाला निरोप द्यायला रंगीत येऊ नकोस. बसले मागे. बुद्धवंदना सुरू झाली आणि आईने माझा हात धरला. तो सोडेचना. ती खाली वाकली, तर मीपण वाकले. तोंडातून ते शब्दपण आले. लहानपणी बाबांनीच शिकवलेले, अंगणात बसवून." ती थांबली. कात्री तशीच उघडी होती. "चुकलं का हो?"

"बापासाठी वाकलीस," मी म्हटलं. "त्यात काय चुकलं?"

"तसंच. पण मनातल्या मनात मी येशूलाच सांगत होते, माझ्या बाबांना सांभाळ. कुणाला बोलू नका हं. घरी कळलं तर म्हातारी उभी जाळेल."

मी कुणाला बोलले नाही. बुवांना सांगितलं फक्त.

खरंच सांगते, मला वाटलं होतं बुवा त्याचं सोनं करतील. आईबापाचा मान राखा अशी आज्ञा आहे, त्या आज्ञेवर हा दृष्टांत बसवतील, नाव न घेता, आणि सगळी सभा डोळे पुसेल. तिसऱ्या संध्याकाळी उपरणं खांद्यावर टाकत बुवांनी विचारलं, आणि मी दिला.

बुवांनी तो आज्ञेवर बसवला नाही. लोक रानात रडत होते की मिसरात काकड्या होत्या, कांदे होते, लसूण होता, आम्हाला परत जायचंय, तिथे बसवला.

"मिसर काय लांब आहे का, मायबापहो?" बुवांनी हात कानाशी नेला. "अंबरनाथहून गाडीत बसा. मधे एक उल्हासनगर. उतरा विठ्ठलवाडीला. आलं मिसर!"

सभा हसली.

"आपल्यातलीच एक लेक. नदीत बुडवून काढलेली, धुतलेली. पण कांद्याचा वास आला! पांढरी साडी नेसली आणि..." बुवांनी उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला, मान तिरकी केली आणि बाईसारखे गुडघे टेकले. इतकं हुबेहूब, की तबलजीनेही थाप चुकवली हसता हसता. "'आईनं ओढलं हो, मी नाही वाकले, गुडघेच वाकले!'"

विठ्ठलवाडीची सून मंडळीत एकच. साठ माणसांच्या माना एकदम मागे वळल्या. यशोधरा मला बघत होती, बुवांना नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता. पिशवीतून एखादी वस्तू पडली असावी आणि कुठे पडली ते आठवत असावं, तशी बघत होती. तेवढ्यात बुवांनी हात वर केला. हात वर झाला की ध्रुपद. एकोणीस वर्षांची सवय. मी सूर उचलला.

शेवटी मिर्यामची कथा आली. लोकांना मिसरातून काढणाऱ्या मोशेची थोरली बहीण, भावाच्या विरुद्ध बोलली, अंगावर पांढरं कोड फुटलं, आणि देवाने सांगितलं, हिला सात दिवस छावणीबाहेर ठेवा.

छावणीच्या पार बसली बहीण
सात दिस ऊन सोसीतसे

इथे पुढे आणखी एक ओवी आहे. बुवांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलेली. त्या दिवशी बुवांनी ती म्हटलीच नाही. आरोळी ठोकली, "पाहा देवाचं भय!" आणि कथा उतरवली.

हॉलच्या मागे चहा पीत होते, तिथे मी त्यांना गाठलं. "बुवा, मी ते तुम्हाला रडायला दिलं होतं. तुम्ही हसायला वापरलंत."

"लोक हसले म्हणजे जागे होते, तुळशे. रडणारा झोपून रडतो."

"आणि शेवटची ओवी?"

"ती घातली की कथा गोड होते. भय उरत नाही." त्यांनी बशी ओठाला लावली. आवाज तोच, घागरीसारखा. "आज भय पाहिजे होतं."

पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या, ते महिन्यातून एकदा येतात. एरवी सगळं पंचांकडे, आणि पंच म्हणजे महेंद्र साळवे. मंडळीचा सेक्रेटरी, हातात कायम रजिस्टर. त्याच रात्री पंच बसले. हॉलची किल्ली माझ्याकडे असते, दार लावायला मी थांबले होते म्हणून मला ऐकू आलं.

"वर्षभर प्रभुभोजन बंद करू, भाकर नको नि प्याला नको," एक जण म्हणाला.

"वर्षभर कशाला?" बनूबाई दारातूनच बोलली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "आत्ताच ऐकलं ना तुम्ही? मिर्यामला सात दिवस बसवलं. हिला सात रविवार बसवा, भायेर, चपलांपाशी. शास्त्राप्रमाणं व्हऊ द्या. आमच्यात असं नसतं, हे तिला समजंल तरी."

महेंद्र खूश झाला. शास्त्रातला आकडा, रजिस्टरात लिहायला सोपा. सुजितला विचारलं, तुझं काय? यशोधराचा नवरा, तिच्यासाठी आठ वर्षांपूर्वी आईशी भांडलेला मुलगा. तो म्हणाला, "मंडळी म्हणेल तसं."

यशोधराने मान्य केलं. एकच विचारलं, "कूचला माझं नाव वाचाल ना?"

कूच म्हणजे आमच्या मंडळीची सगळ्यात मोठी रीत. सप्टेंबरात, पाऊस ओसरला की सगळी मंडळी बुवापाड्याहून मांजर्लीला नदीकाठी जाते. जुन्या माणसांनी घातलेला पायंडा. तेव्हा चालत जायचे, आता बस करतात. रानातल्या लोकांची वंशावार मोजणी झाली होती ना, तशी निघण्याआधी घराण्यावार नावं वाचतात. नाव आलं की "हजर" म्हणायचं आणि बसमध्ये पाय ठेवायचा. नदीवर प्रभुभोजन, मग पंगत. ज्याचं नाव वाचलं नाही, तो त्या वर्षी मंडळीत नाही. कुणी तसं लिहिलेलं नाही, पण आमच्यात सगळ्यांना ते माहीत आहे. यशोधराचा बाप्तिस्मा त्याच नदीवर झालेला. ते नाव तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं, जन्माने नाही.

"सात पूर्ण कर," महेंद्र म्हणाला, "आठव्या रविवारी कूच. तुझं नाव सगळ्यात आधी वाचतो."

आमच्या हॉलला तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर चपला, त्यावर दीड हाताचा पत्रा. यशोधरा मधल्या पायरीवर बसायची, डोक्यावर पदर, मांडीवर मोबाईल. लोक येताना तिच्या अंगावरून पाय टाकून जायचे. काही बायका सलाम म्हणायच्या, आमच्यात नमस्काराला तेच म्हणतात, पण बनूबाईने डोळे वटारले की त्याही बंद झाल्या. पहिल्या रविवारी सुजितने तिच्या शेजारी चपला काढल्या. दुसऱ्या रविवारी पलीकडच्या टोकाला काढल्या. आत उपासनेतल्या कथेला मी ध्रुपद म्हणायची, आणि माझ्या आवाजाच्या मागे आणखी एक आवाज बाहेरून यायचा, बारीक, सुरात. तिसऱ्या रविवारी महेंद्रने दार ओढून घेतलं. "शिस्तीत गाणं बसत नाही," म्हणाला.

कारखान्यात तिने स्टूल बदललं नाही. माझ्या शेजारीच बसायची. त्या दृष्टांताबद्दल एक शब्द बोलली नाही. मी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मावशी, कापा, सेठ बघतोय."

चौथा रविवार. आदल्या रात्रीपासून असा पाऊस की उल्हास नदी मांजर्लीत शिरली. बुवांच्या घरात गुडघाभर पाणी. गाड्या बंद. महेंद्रने मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, आज उपासना नाही. यशोधराला त्या ग्रुपमधून शिक्षेच्या पहिल्याच दिवशी काढलेलं होतं, आणि सुजितने घरी काही सांगितलं नाही. उठला नव्हता म्हणे.

माझं घर हॉलच्या समोर. साडेनऊला खिडकीतून बघते तर ही पायरीवर बसलेली. चार नंबर कॅम्पातून चालत आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. मी छत्री घेऊन धावले.

"अगं, आज उपासना नाही! बुवांच्या घरात पाणी आलंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"घरी जा."

"आता आलेच आहे तर बसते, मावशी. मोजणीत येईल ना?"

"येणार ना. का नाही येणार?" मी म्हटलं. हे शब्द माझे. "थांब, किल्ली आणते, आत तरी बस."

"नको, आत बसले तर मोजणार नाहीत."

ती हसली. मी चहा आणून दिला. पत्र्यावरून पाण्याची धार तिच्या पाठीवर पडत होती. बंद दारासमोर, एकही चप्पल नसलेल्या पायरीवर, ती साडेअकरापर्यंत बसली. उपासनेला लागतात तेवढे दोन तास. मग उठली, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेली. दोन दिवस कामावर आली नाही, तापाने फणफणली होती.

पाचवा, सहावा, सातवा. झाले.

आठव्या रविवारी सकाळी बुवापाड्याच्या नाक्यावर बस उभी. यशोधरा सगळ्यांच्या आधी आलेली. निळी साडी, केसात अबोली, हातात पितळी डबा. पंगतीला प्रत्येक घराने काही आणायचं असतं. तिने गुळाच्या दशम्या केल्या होत्या, पहाटे उठून. झाकण उघडून मला दाखवल्या. "साठ आहेत. माणशी एक." दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी तशी बोलली. मला वाटलं, झालं, देवाने निभावलं.

महेंद्रने रजिस्टर उघडलं. आधी भांबळ, म्हणजे मी. "तुळशी भांबळ." "हजर." मग साळवे, पवार, घाटगे. सगळ्यात आधी वाचतो म्हणाला होता, ते राहिलं. थोरात आले.

"बनूबाई थोरात."

"हजर!"

"सुजित थोरात."

"हजर."

"वाघमारे..."

"महेंद्रभाऊ," यशोधरा म्हणाली. "मी राहिले."

महेंद्रने पान मागे उलटलं. त्याला ठाऊक होतं, पान उलटायची काही गरज नव्हती. "तुझे सहाच आहेत."

"सात झाले."

"ऑगस्टच्या त्या रविवारी उपासनाच झाली नाही. जिथे उपासना नाही तिथे बाहेर बसणं कसलं? छावणीच नव्हती तर छावणीबाहेर कोण?"

दोघे-तिघे हसले. बरं बोलला होता तो.

"मी आले होते. दोन तास बसले."

"कुणी बघितलं?"

"मी बघितलं," मी म्हटलं. "चहा दिला मी तिला. साडेनऊ ते साडेअकरा. प्रभू साक्षी आहे."

"मावशी, प्रभूला मधे आणू नका, तो काय रजिस्टरवर सही करणार आहे?" पुन्हा हसू. "आणि एका साक्षीदारावर गोष्ट ठरत नाही. दोन लागतात. शास्त्र आहे, मी नाही म्हणत."

सगळ्यांनी सुजितकडे पाहिलं. तो बसच्या पायरीवर उभा होता, एक पाय आत. त्याने तिला त्या दुपारी निथळताना पाहिलं होतं. त्यानेच मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या होत्या, कारखान्यात तिने मला सांगितलं होतं. यशोधरा त्याच्याकडे बघत राहिली. नाक्यावर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते.

"सुजित, सांग ना," मी म्हटलं.

बनूबाईने आतून खिडकीच्या गजावर अंगठी वाजवली. टक, टक.

"मी झोपलो होतो," सुजित म्हणाला. "मला आठवत नाही."

"झालं," महेंद्र म्हणाला. "एवढं काय त्यात? पुढच्या रविवारी सातवा भर, पुढच्या वर्षी कूच. वाघमारे!"

"हजर, हजर."

यशोधरा डबा धरून उभी होती. बनूबाईने खिडकीतून हात बाहेर काढला. "डबा दे. पंगतीला घराकडून नको का जायला काही?"

तिने दिला. का दिला, मला आजवर कळलेलं नाही. कदाचित हात रिकामे करायचे असतील.

"तुळशे!" बुवा पुढच्या सीटवरून ओरडले. "चढ की! ध्रुपद कोण धरणार?"

मी चढले. झांज आत होती, बुवा आत होते, एकोणीस वर्षं आत होती. मागच्या काचेतून ती दिसत होती, नाक्यावर, निळी. बसने वळण घेतलं. बुवांनी हात वर केला आणि आम्ही सगळे गाऊ लागलो, पुढे ढग चाले. आणि मी गाता गाता बाहेर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. ढग काही आमच्याबरोबर निघाला नव्हता.

नदीवर बुवांची कथा त्या दिवशी अशी रंगली की काय सांगू. मांजर्लीतल्या भिंतींवर पुराच्या चिखलाची रेघ अजून कमरेएवढी होती, ती दाखवून त्यांनी समुद्राचं वर्णन केलं. मिर्याम आली. छावणीच्या पार बसली बहीण. माझ्या छातीत ती पुढची ओवी उभी राहिली:

थांबली छावणी, थांबला तो ढग
थांबले गं जग तिच्यासाठी

कारण शास्त्रात तसंच आहे. सात दिवस ती बाहेर होती, आणि ती आत येईपर्यंत लोकांनी तंबूची एक खुंटी उपटली नाही. सहा लाख पुरुष, बायका-पोरं वेगळी, शेरडं-मेंढरं वेगळी, सगळे एका बाईसाठी रानात बसून राहिले. शिक्षा देवाने दिली, पण मागे टाकून जायची नाही. मी श्वास घेतला. बुवांनी मान मागे केली, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं मी काय म्हणणार आहे ते. त्यांनी हात वर केला.

मी ध्रुपद म्हटलं.

भाकर आणि प्याला फिरला. माझ्या हातात आला, मी घेतला. मग पंगत बसली. दशम्या वाढल्या, माणशी एक. "काय गोड आहेत हो," पवारीण म्हणाली, "मान्नासारख्या. कुणी केल्या?"

"आमच्या घरच्या," बनूबाई म्हणाली.

एक उरली. ती महेंद्रने खाल्ली.

यशोधरा त्या दिवशी कॅम्पात परतली नाही. नाक्यावरून तशीच विठ्ठलवाडीला गेली, आईकडे, गयाबाईकडे. सुजित दोनदा चाळीच्या दारात जाऊन आला, वर गेला नाही. बनूबाई आता सांगत फिरते, "म्हटलं नव्हतं? गेली शेवटी मिसरात." कारखान्यात ती येते. पण स्टूल आता खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ.

महिनाभराने मी जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर जाऊन बसले. महेंद्रचा निरोप होता: एकच रविवार राहिलाय, येऊन भरून टाक, मंडळीचं मन मोठं आहे.

तिने भाकरी मोडली. "मावशी, सात रविवार बाहेर बसले, दुसरं काय करणार? मोबाईलवर तीच गोष्ट वाचायचे. पाठ झाली. एक विचारू? मिर्यामने केलं काय होतं?"

"बोलली ती. मोशेच्या विरुद्ध."

"कशावरून?"

एकोणीस वर्षं मी त्या कथेला झांज वाजवली होती.

"त्याच्या बायकोवरून," यशोधरा म्हणाली. "त्याने परक्या लोकांतली बायको केली होती. ही म्हणाली असेल, आमच्यात असं नसतं." तिने भाजीला भाकरी लावली. "देवाने बायकोला नाही बाहेर बसवलं, मावशी. बोलणारीला बसवलं. मग मी कोणाची शिक्षा भोगत होते?"

"माझी," मी म्हटलं. "यशोधरा, मी नदीवर ती ओवी म्हणणार होते गं..."

"पण पंगतीला बसलात."

"हो."

"दशमी खाल्लीत?"

"हो."

"गूळ बरोबर पडला होता?"

मी मान हलवली. तिने डबा बंद केला. "बरं झालं," म्हणाली, आणि मग अगदी शांतपणे, "आता मी तुम्हाला काही सांगणार नाही हं, मावशी. कधीच." उठली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. कात्रीचा आवाज सुरू झाला.

पुढच्या रविवारी मी हॉलचं दार उघडलं, दिवे लावले, किल्ली महेंद्रच्या हातात दिली आणि मधल्या पायरीवर येऊन बसले.

"मावशी? आत चला. तुम्हाला कुणी बाहेर बसायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग हे काय?"

"मी बोलले होते," मी म्हटलं. "बोलणारीने बसायचं असतं. शास्त्र आहे, मी नाही म्हणत."

त्याने रजिस्टर छातीशी धरलं आणि आत गेला. बनूबाई माझ्या अंगावरून पाय टाकताना म्हणाली, "नाटकं." सुजितने चपला काढल्या, अगदी पलीकडच्या टोकाला. बुवा आले. थांबले. त्यांच्या धोतराचा काठ माझ्या डोळ्यांसमोर. "तुळशे, ध्रुपद?" बराच वेळ तो काठ तिथेच होता. मग वर गेला. आत कथा लागली, चढणीला आली आणि बुवांचा श्वास सापडेना. मागे कुणी नव्हतं.

खाली बसलं की माणसांचे फक्त पाय दिसतात. हे मला माहीत नव्हतं.

आज चौथा रविवार झाला. तीन राहिले. सात झाले की मी आत जाणार नाहीये. दशम्या करायच्या आहेत. गुळाचं प्रमाण मला नीट येत नाही, पण करीन, आणि डबा घेऊन विठ्ठलवाडीला जाईन, गयाबाईच्या चाळीत. ती दार उघडणार नाही असं मला वाटतं. तिने का उघडावं? पण पायरी असेलच की तिथेही.